उन्हात बरी होणारी बंदूक

जानेवारी २०२४. ग्वाल्हेरला त्या आठवड्यात सूर्य उगवायचा तो धुक्याच्या आड, आणि दहा वाजेपर्यंत आडच राहायचा. आम्ही शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर शेकोटीपाशी वाट बघत बसलो होतो. निशाणं आणि मागचा मातीचा बांध स्वच्छ दिसू लागल्यावर काका उठले, दोन काडतुसं भरली आणि पहिला बार काढला. ते अर्धं पाऊल मागे सरकले. "आज फार जोरात लाथ मारली रे हिनं," म्हणाले. पुन्हा नेम धरून चाप ओढला, तर काहीच नाही.

बंदुकीचं तोंड निशाणाकडेच ठेवायला आणि बोट चापावरून काढायला मी सांगितलं. बाजूनं बघितलं तर रिकामं काडतूस नीट बाहेर पडलं होतं, दुसरं आत जाऊ लागलं होतं, पण बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता तुकडा, मिटता मिटता बोटभर अलीकडेच थांबला होता. काकांनी हँडल ओढून काडतूस बाहेर काढलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच.

हे काका नात्यानं माझे कुणी नाहीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या दोन घरं पलीकडे राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. बंदूक त्यांच्या वडिलांची, पुढे रीतसर काकांच्या परवान्यावर आलेली. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, म्हणून गल्लीत कुणाच्या हत्याराचं काही बिघडलं की मला विचारतात. सेवेतली हत्यारं मी हजारांनी उघडली, पण बंदुकीच्या निगेबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या एका प्रकरणानं. म्हणून सविस्तर लिहितो.

बंदूक कोणती

बारा बोअरची ब्राउनिंग ऑटो-५. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली आणि बेल्जियमच्या फाब्रिक नासिओनाल कारखान्यानं १९०२ पासून बनवायला घेतलेली. ही रचना १९९८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर बनत राहिली. रिसीव्हरची, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या लोखंडी पेटीची, पाठ मागे उंच आणि एकदम चौकोनी तुटलेली, त्यामुळे दुरून ओळखू येते.

हिचं चालणं समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आजच्या बहुतेक अर्ध-स्वयंचलित बंदुकांत नळी जागची हलत नाही. बाराचा थोडा गॅस पिस्टनला ढकलतो किंवा धक्क्याच्या जडत्वावर बोल्ट मागे येतो. ऑटो-५ मध्ये नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकून दोघंही मागे येतात, काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर. मग बोल्ट मागे अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. म्हणजे दोन हालचाली आणि दोन वेगळ्या स्प्रिंगा. नळीला पुढे ढकलणारी स्प्रिंग फोरएंडच्या, म्हणजे नळीखाली हातात धरायच्या, लाकडाखाली, काडतुसं साठवणाऱ्या मॅगझिन ट्यूबवर चढवलेली असते. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग मागे, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या पोटात, एका बारीक नळकांड्यात असते. ही दुसरी स्प्रिंग आहे हेच कित्येक मालकांना आयुष्यभर माहीत नसतं, कारण ती दिसतच नाही.

नळी एवढ्या जोरानं मागे येते तर तिला ब्रेक हवा. तो ब्रेक म्हणजे मॅगझिन ट्यूबवर बसणारी, फट असलेली काशाची कडी. नळी मागे येताना तिच्याखालचं कडं या काशाच्या कडीला दाबतं, फट आवळते आणि कडी ट्यूबला घट्ट धरते. सायकलचा रबरी ब्रेक चाकाच्या रिमला धरतो तसंच. शिवाय एक पोलादी कडी असते, तिची एक बाजू आतून उतरती. भारी काडतुसं वापरायची तर ही पोलादी कडी स्प्रिंग आणि काशाची कडी यांच्या मधे बसवायची, उतरती बाजू काशाकडे. मग काशाची कडी दोन्हीकडून आवळली जाते आणि ब्रेक जोरात लागतो. हलकी काडतुसं असतील तर पोलादी कडी स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची. तिथं ती नुसती बसून राहते.

रेंजवरची मतं

भोवती चार अनुभवी माणसं जमली होतीच. एक म्हणाले, "इसकी स्प्रिंग बैठ गई है, बदलवा लो." दुसऱ्यांना काडतुसं सर्दावल्याची शंका. तिसऱ्यांनी तेल मागवलं: "सूखी पड़ी है बेचारी." तेलाचा डबा जवळ नव्हता हे बरंच झालं.

काकांना मी एकच विनंती केली, आणखी बार काढू नका. परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकी, आणि नेहमीपेक्षा जास्त धक्का देणारी बंदूक काहीतरी सांगत असते. बंदूक रिकामी करून, बोल्ट मागे अडकवून, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून खात्री करून घेतली आणि टेबलावर ठेवली. डबे सुटले, गप्पा झाल्या. दीडच्या सुमारास ऊन चांगलं तापलं. सावलीतली हवा वीस-बावीस अंशांच्या आसपास असेल, पण उन्हात पडलेलं काळं लोखंड हाताला कोमट लागत होतं. मी बोल्ट हातानं मागेपुढे करून पाहिला. सकाळी चिखलातून पाय ओढावा तसा येणारा बोल्ट आता खटकन मिटत होता.

फोरएंड बाहेरून नीट तपासलं आणि काकांना दोनच काडतुसं भरायला सांगितली, त्याच खोक्यातली. दोन्ही बार निघाले, बोल्ट दोन्ही वेळा पूर्ण मिटला. धक्का मात्र सकाळचाच.

मला या दोन बारांनी निम्मं उत्तर दिलं. बसलेली स्प्रिंग उन्हात उठून बसत नाही. सर्दावलेलं काडतूस दोन तासांत सुधारत नाही. उन्हानं बरं होणारं दुखणं म्हणजे आत काहीतरी गोठतंय आणि वितळतंय. आणि धक्का उन्हानंही कमी झाला नाही, म्हणजे ते दुखणं वेगळं. आजार दोन, आणि ते एकमेकांत गुंतवून बघितले असते तर एकही सापडला नसता. (ते दोन बार मी काढू द्यायला नको होते हे फोरएंड उघडल्यावर कळलं. त्याबद्दल पुढे.)

काकूंची बाटली

संध्याकाळी काकांच्या घरी चहाला बसलो. खिडकीत, उतरत्या उन्हात, काकूंची खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली. वर पाणी झालेलं, तळाशी अजून पांढरं.

"काका, बंदुकीला तेल कोणतं घातलं होतं?"

"घरचंच की. खोबरेल. वडील तेच घालायचे. ऑक्टोबरात ठाण्यात जमा करायची होती ना, तेव्हा चांगलं सढळ हातानं घातलं. गंज चढायला नको."

मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता ९ ऑक्टोबर २०२३ ला लागली, निकाल ३ डिसेंबरला. परवान्याची हत्यारं जमा झाली ती त्या काळात. काकांची बंदूक दोन महिन्यांच्या वर तिथं होती आणि जशी नेली तशीच सुखरूप परत आली. ठाण्याकडे काही दोष जात नाही. घडलं ते भौतिकशास्त्रानं. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं. ऑक्टोबरातल्या ग्वाल्हेरला ते पाण्यासारखं पातळ असतं. बंदुका ठेवतात दस्ता खाली आणि तोंड वर करून. सढळ घातलेलं तेल नळीच्या, रिसीव्हरच्या आतून हळूहळू खाली झिरपत गेलं आणि सगळ्यात खाली जिथं जागा मिळाली तिथं साठलं: दस्त्याच्या पोटातल्या त्या नळकांड्यात, बोल्टच्या स्प्रिंगेभोवती. डिसेंबरात थंडी पडली आणि तिथंच त्याचं मेण झालं.

काकांचे वडील खोबरेल वापरत हे खरंच असणार. कोकणातून, देशावरून इकडे आलेल्या घरांत खोबरेल हेच सगळ्या कामांचं तेल होतं. ते एरवी वाईट नाही, पण वनस्पतीचं कुठलंही तेल हवेत जुनं होतं, खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं. आमच्या भागात कुणी कुणी सरसोंचं तेल लावतात. त्याचा तर काही महिन्यांत चिकट थर बनतो, जणू वार्निश. हत्याराला खनिज तेलच हवं. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, फक्त ते पातळ असल्यानं लवकर उडून जातं आणि पुन्हा लावावं लागतं. गंज सोडवायचे ते फवारे मिळतात, ते पाणी हटवायला चांगले, पण वंगण म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. आत कोपऱ्यात साठले तर तेही वाळून चिकटतात.

उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरंजी टाकली. परवाना काकांचा, म्हणून हात काकांचे. मी शेजारी बसून सांगत होतो. काडतुसं आत कपाटात, कुलपात. चेंबर आणि मॅगझिन दोघांनीही डोळ्यांनी आणि बोटानं तपासलं.

बोल्ट मागे अडकवायचा, दस्ता मऊ चटईवर टेकवायचा, चेहरा आणि तळहात नळीच्या तोंडावर न आणता नळी थोडी खाली दाबून धरायची आणि पुढची टोपी फिरवून काढायची. दाब हळूच सोडला की फोरएंड आणि नळी निघते. नळी काढलेली असताना बोल्ट बटण दाबून सटकन सोडायचा नाही. तो नळीच्या आधाराविना आपटतो आणि नुकसान करतो.

फोरएंड हातात आलं तेव्हा धक्क्याचं कारण डोळ्यांसमोर होतं. पोलादी कडी मागे, रिसीव्हरला टेकलेली. म्हणजे बंदूक हलक्या काडतुसांसाठी लावलेली, आणि काकांच्या खोक्यातली काडतुसं होती मोठ्या छऱ्यांची, जड भाराची. शिवाय ट्यूबवर खोबरेलाचा पांढरट थर, काशाच्या कडीवर हिरवट लुकण. तेलातलं आम्ल तांब्याच्या मिश्रधातूला लागलं की तो हिरवा रंग येतो. ब्रेकच्या रिमला लोणी लावल्यासारखं झालं होतं. नळी थांबवायला काहीच नव्हतं, ती दर बाराला मागे येऊन आदळत होती. फोरएंडच्या आतल्या बाजूला, मागच्या टोकापाशी, केसाएवढी भेग गेली होती. ऑटो-५ च्या मालकांना ही भेग ओळखीची असते. ब्रेक नीट नसला की लाकूड आधी बोलतं. बाहेरून ती दिसत नव्हती. म्हणूनच म्हणालो, ते दोन बार मी थांबवायला हवे होते.

काका बराच वेळ ती भेग बघत राहिले. "जपायला म्हणून घातलं रे मी," एवढंच म्हणाले. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. दोन महिने पडून राहणाऱ्या लोखंडाला जाड थर द्यायचाच असतो. राहून गेलं ते दुसरं काम: परत आल्यावर तो थर पुसून काढणं. ठेवायचं तेल आणि चालवायचं तेल ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही सैन्यात साठवणीतून आलेली रायफल पहिल्या गोळीआधी कोरडी करायचो, मग हातानं लावल्यासारखं तेल द्यायचो. एनसीसी केलेल्यांना चिंदीची मापं आठवत असतील, सफाईची चार बाय दोन इंच आणि तेलाची त्याहून अर्धा इंच अरुंद. तेलाची चिंदी अरुंद का? नळीत तिनं घासायचं नसतं, नुसतं फिरून यायचं असतं.

सफाई

नळीचं काम सोपं होतं. चेंबरच्या बाजूनं फॉस्फर-ब्राँझचा ब्रश, बोअर सॉल्व्हंट लावून. दहा मिनिटं भिजू दिलं, पुन्हा ब्रश, मग चिंद्या. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, त्यामुळे चिंदी रॉडला नीट भरून बसली पाहिजे. पहिल्या चिंद्या काळ्या, मग करड्या, त्यात काडतुसातल्या प्लॅस्टिकचे बारीक पापुद्रे आणि शिशाच्या चकचकीत रेघा. चेंबरच्या पुढच्या कडेला हा मळ जास्त बसतो, तिथं ब्रश फिरवून काढला. दोन दिवसांनी पुन्हा एक चिंदी घाला असं मी काकांना सांगितलं, कारण सॉल्व्हंट सैल करतो ते सगळं त्याच दिवशी बाहेर येत नाही. आली ती चिंदी करडीच होती.

खोबरेल काढायला रॉकेल वापरलं, उघड्या अंगणात, शेगडीपासून दूर. रॉकेल चिकटपणा उत्तम काढतं पण लोखंड उघडं करून जातं, त्यामुळे त्याच दिवशी तेल द्यावंच लागतं. काशाची कडी रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासली, फटीतलं हिरवं लाकडी काडीनं काढलं. पॉलिश पेपर लावायचा मोह होतो. लावू नये, तिचा आकार हाच तिचा ब्रेक आहे. हात नंतर साबणानं धुतले; बाराच्या मळात शिसं असतं, आणि म्हणूनच हे काम जेवणाच्या टेबलावर कधी करू नये.

दस्त्याचं काम आम्ही केलं नाही. ऑटो-५ च्या मोठ्या स्क्रूंना शेजारी छोटे कुलूपस्क्रू असतात. आधी तो छोटा काढायचा, मग मोठा फिरतो. खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर खाच फाटते आणि शतकभर तशीच दिसत राहते. शिवाय आतली स्प्रिंग दाबलेली असते, तिला अडवणारी पिन निघाली की ती उडते. आणि भेगेचं काम दुरुस्तीचं, ते परवाना असलेल्याच कारागिरानं करायचं. बंदूक गन हाउसमध्ये नेली. त्यांच्या मिस्त्रींनी दस्ता उतरवला, नळकांड्यातून स्प्रिंग ओढली, आणि तिच्या वेटोळ्यांत पांढरं, खवट वासाचं मेण भरलेलं. दस्त्याचं लाकूडही आतून तेल पिऊन काळं पडलं होतं. त्यांनी ते सुती कापडात गुंडाळून आठवडाभर उबेत ठेवलं. कापड रोज बदलायचं, रोज पिवळं निघायचं. स्प्रिंग सरळ होती, तिची ताकद शाबूत होती. बदलली असती तर पैसे गेले असते आणि नवी स्प्रिंग त्याच मेणात बसली असती. फोरएंडची भेग त्यांनी आतून इपॉक्सी भरून बांधली.

तेल कुठे, किती

जोडताना मी काकांना प्रत्येक थेंबाची जागा दाखवली. बोल्ट रिसीव्हरमध्ये ज्या खाचांवर सरकतो तिथं तेलाचं बोट फिरवायचं. बोल्टला मागच्या स्प्रिंगेशी जोडणाऱ्या दुव्याच्या पिनेवर एक थेंब. नळीला बोल्टशी अडकवणाऱ्या ठोकळ्यावर एक. नळीच्या मागच्या पट्ट्यावर, जिथं तो रिसीव्हरमध्ये घासतो, पातळ पुसट थर. दस्त्यातल्या नळकांड्यात वरून काहीही ओतायचं नाही. चापाच्या यंत्रणेतही धार सोडायची नाही. ते तेल धूळ धरतं, आणि आमच्याकडे मे महिन्याच्या लूमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यात, धूळ बंद कपाटातही शिरते.

सगळ्यात जास्त वेळ गेला मॅगझिन ट्यूबवर. भारी काडतुसांसाठी ट्यूब कोरडी पुसलेली हवी. हलक्यांसाठी तेलाचं कापड फिरवून लगेच कोरड्या कापडानं पुसायचं, बोटाला गुळगुळीत लागेल पण बोट ओलं दिसणार नाही इतपत. काकांना हे पटायला वेळ लागला. साठ वर्षांची सवय सांगत होती की लोखंडावर लोखंड सरकतं तिथं तेल हवंच. मी त्यांना अंगणातली सायकल दाखवली, तिचा मागचा ब्रेक दाबायला लावला. पुढे काही बोलावं लागलं नाही. पोलादी कडी त्यांनी स्वतः पुढे बसवली, उतरती बाजू काशाकडे.

ज्यांच्याकडे गॅसवर चालणारी बंदूक आहे त्यांच्यासाठी जागा बदलतात: तिथं पिस्टनवर काजळी बसते, आणि पिस्टनला ओलं तेल दिलं तर ती काजळी भाजून घट्ट होते. पण तो वेगळा विषय.

जोडल्यावर रिकाम्या बंदुकीची तीच चाचणी घेतली, दस्ता चटईवर, नळी खाली दाबून सोडायची. न अडखळता वर आली. फेब्रुवारीच्या एका गार सकाळी रेंजवर पाच बार, भारी काडतुसांचे. पाचही निघाले, बोल्ट पाचही वेळा मिटला, काका जागचे हलले नाहीत. नंतर फोरएंड काढून पाहिलं, भेग होती तिथंच होती. तिथं एका मुलानं ट्रॅपची, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची, चोवीस ग्रॅमची काडतुसं दाखवली, ही चालतील का म्हणून. कडी मागे केली तरी एवढ्या हलक्या भारावर ही जुनी नळी पूर्ण मागे येईलच असं नाही. मी नको म्हणालो.

पुन्हा ठाणं

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. काकांनी मला बोलावलं नाही, सगळं करून मगच दाखवायला आणलं. नळीत आणि बाहेरून खनिज तेलाचा थर, पण कापडानं लावलेला, ओतलेला नाही. ट्यूब पुसलेली. तेल लावून बंदूक रात्रभर तोंड खाली करून वर्तमानपत्रावर उभी ठेवली होती, जास्तीचं तेल दस्त्याकडे न जाता कागदावर उतरावं म्हणून. चामड्याचं जुनं म्यान त्यांनी घरीच ठेवलं. चामडं ओलावा धरतं आणि लोखंडाला चिकटून बसतं. कापडी खोळीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, उन्हात वाळवलेल्या.

निकाल लागले ४ जूनला, बंदूक आली त्यानंतर. काकांनी त्याच संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकली. थर पुसला, नळीतून कोरडी चिंदी ओढली आणि माझ्यासमोर धरली. फिकट पिवळी, गंजाचा एकही तांबडा ठिपका नाही. मग त्यांनी दस्त्याच्या टाचेखाली बोट फिरवून पाहिलं आणि ते बोट काकूंना दाखवलं. कोरडं होतं.